डावा कोपरा

मी धिप्पाड होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नागपुरातल्या आमच्या टिमकीच्या गल्लीतल्या माझ्या वयाच्या पोरी हळूहळू वाढल्या. मी मात्र एका पावसाळ्यात इतकी वाढले की मायनं माझे सगळे फ्रॉक शेजारपाजारच्या लेकींना वाटून टाकले आणि बाबांच्या जुन्या सदऱ्यांचे माझ्यासाठी झंपर शिवले. गल्लीतले पोट्टे मला म्हैस म्हणायचे. मी त्यांच्यामागे धावत नसे, कारण धावण्यात मला गती नव्हती. पण त्यातला एखादा चुकून माझ्या हाताच्या अंतरात आला, तर मग मात्र त्याची सुटका नसे. यमुना हे माझं नाव घरातसुद्धा फार कमी वापरलं जाई. माय यमे म्हणायची, बाबा ए पोट्टे म्हणून हाक मारायचे.

बाबा मला लहानपणी अर्धेच दिसायचे. आमच्या पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा करून माग बसवलेला होता, आणि बाबा सकाळपासून त्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले असत. कमरेपासून वरचे बाबा आणि त्यांच्यापुढे ताणलेलं लुगड्याचं सूत, एवढंच जग त्या खोलीत होतं. खालून पायांनी पट्ट्या दाबायच्या, वरून हातानं धोटा फेकायचा. खट् खटाक्, खट् खटाक्. हा आवाज आमच्याच घरात नव्हता. डावीकडे, उजवीकडे, समोर, मागे, सगळीकडून यायचा, आणि प्रत्येक घराची लय वेगळी असायची. डोळे मिटून मी सांगू शकायची की कुणाच्या घरी आज जावई आलाय आणि कुणाचा ताप अजून उतरलेला नाही. गल्लीत कुणी वारलं की सगळे माग बंद व्हायचे आणि त्या शांततेत कानात काहीतरी गुणगुणल्यासारखं व्हायचं. आता मी मनीषनगरात चौथ्या मजल्यावर राहते. इथे लिफ्टचा आवाज येतो, कुकरच्या शिट्ट्या येतात, पण घराघरांतला माणूस ओळखावा असा एकही आवाज येत नाही.

मायचं आणि माझं काम सुताचं. धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर सूत भरायचं, आणि त्याआधी सुताला खळ लावायची. भाताच्या पेजेच्या त्या खळीला एक आंबूस वास असे. तो आमच्या केसांना, अंथरुणांना, शाळेच्या वह्यांनाही यायचा. खळीत बुडवलेल्या सुताच्या जड, ओल्या लड्या बाहेर काढून पिळाव्या लागत. एक टोक खुंटीला अडकवायचं, दुसऱ्या टोकात लाकडी दांडा घालून तो फिरवत राहायचा, शेवटचा थेंब गळेपर्यंत. इतर घरी हे काम दोघी मिळून करत. मी बारा वर्षांची झाल्यावर मायनं दांडा माझ्या हाती दिला आणि ती बाजूला झाली. रोज वीस-पंचवीस लड्या. माझी मनगटं त्या दांड्यानं घडवली. पुढे वर्तमानपत्रात माझ्या पकडीबद्दल चार ओळी छापून आल्या, तेव्हा लिहिणाऱ्यानं मी कोणता व्यायाम करते याचा अंदाज बांधला होता. मायनं ते वाचून घेतलं आणि म्हणाली, "त्याले म्हणा, ये एक दिवस लड्या पिळाले."

रविवारी मात्र घरात खळीच्या वासावर मसाल्याचा वास मात करायचा. आमच्या लोकांत मटण पुरुष रांधतात. बाबा त्या दिवशी खड्ड्यातून बाहेर, पूर्ण उंचीचे, पाट्यासमोर उकिडवे बसून खसखस, सुकं खोबरं आणि काळे मिरे वाटत असत. चुलीवर जवसाचं तेल तापलं की आमचेच नाही, समोरच्यांचेही डोळे चुरचुरत. रस्सा काळपट, वर तेलाचा तवंग, आणि तिखट असा की पहिल्या घासाला कान गरम व्हावेत. माय दर रविवारी म्हणायची, "पोट्टीच्या जातीनं इतकं जेवू नाही," आणि म्हणता म्हणता माझ्या ताटलीत आणखी एक पळी ओतायची.

कबड्डी माझ्या आयुष्यात एका कालवडीच्या पायानं आली. नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत मी सातवीत असताना एका गवळ्याची उधळलेली कालवड फाटकातून आत शिरली. मुली ओरडत पळाल्या. मला पळता येत नव्हतं म्हणून मी उभी राहिले, आणि ती माझ्या बाजूनं जायला लागली तेव्हा खाली वाकून तिचा मागचा पाय धरला. तिनं मला पाण्याच्या टाकीपर्यंत फरफटत नेलं. गवळी येईपर्यंत मी पाय सोडला नाही. माझे गुडघे सोलले होते, झंपर फाटला होता, आणि कवायत शिकवणारे श्रीराम मास्तर कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होते.

"कबड्डी येते का वं तुले?" त्यांनी विचारलं.

"नाही मास्तर."

"काही हरकत नाही. जे शिकवता येत नाही ते तुले येते. बाकीचं मी शिकवतो."

श्रीराम मास्तर स्वतः जुन्या हुतुतूचे खेळाडू. बुटके, काळे, एक कान चुरगळलेला. शाळेमागच्या मोकळ्या जागेत त्यांनी मुलींसाठी मैदान केलं होतं. माती चाळायची, खडा न् खडा वेचायचा, विहिरीचं पाणी शिंपडायचं, मग खेळायचं. त्यांनी मला डाव्या कोपऱ्यात उभं केलं. सात जणी कमानीसारख्या उभ्या असतात, त्यातली टोकाची जागा म्हणजे कोपरा. समोरच्या संघाची मुलगी एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत आत येते, कुणाला तरी शिवून परत जायला बघते; कोपऱ्यातलीनं खाली बसकण मारून तिचा घोटा धरायचा आणि इतर सहा जणी तिच्यावर पडेपर्यंत धरून ठेवायचा. गाजावाजा होतो तो चढाई करणारीचा. आमच्या वाट्याला यायच्या हनुवटीवर बसलेल्या टाचा, तोंडात गेलेली माती, उपटलेली नखं. माझा पुढचा एक दात त्याच वर्षी गेला. पण आयुष्यात पहिल्यांदाच माझं अंग एखाद्या ठिकाणी बरोबर मावलं होतं. त्या कोपऱ्यात मला कुणी म्हैस म्हटलं, तर तो मान होता.

घरी एकच अडचण आली, ती हाफपँटीची. मास्तरांनी निळ्या हाफपँटी सांगितल्या होत्या. मायनं डोक्याला हात लावला. "इतक्या मोठ्या पोरीनं चड्डी घालून लोकाईसमोर लोळावं म्हणते तुमचा मास्तर?" तिनं शिवायला साफ नकार दिला. दोन दिवस बाबा माग चालवत राहिले. तिसऱ्या दिवशी मागावरूनच म्हणाले, "म्या तीस वर्षं झाले लंगोटीवर बसून लुगडे विणून राहिलो. बायांची इज्जत म्या लंगोटीवर बसूनच विणली. शिवून दे पोरीले." मायनं शिवून दिली; पण गुडघ्याच्या चार बोटं खाली येईल इतकी लांब. पहिल्या वर्षी मी ती घडी घालून वर खोचत असे आणि घरी येताना गल्लीच्या तोंडाशी खाली सोडत असे.

तीन वर्षांत आमचा संघ नागपुरात नावाजला गेला. हिवाळ्यात सामने असत. दुपार कलली की मैदानाच्या चारी बाजूंना दोर बांधायचे, माणसं फल्लीदाणे खात, टरफलं तिथेच टाकत उभी राहायची. मुलींच्या सामन्यांना बघे येत ते आधी हसायला येत. एकदोन चांगल्या पकडी झाल्या की हसणं थांबायचं. माझ्या डाव्या कोपऱ्याकडे चढाई करणाऱ्या वळेनाशा झाल्या. मास्तर म्हणत, "यमुनाच्या बाजूनं दार बंद आहे." आणि मग एका हिवाळ्यात कन्हानचा संघ आला, आणि त्या संघात लीला होती.

लीलाचे वडील कन्हानजवळच्या कोळशाच्या खाणीत होते. बारीक, लांब मानेची पोरगी. वेणी डोक्यावर गुंडाळून रुमालानं बांधलेली. तिचा दम इतका बारीक आणि सलग चालायचा की कबड्डी हा शब्द ऐकू न येता नुसती सुताच्या रहाटासारखी घरघर ऐकू यायची. आणि ती हसत हसत चढाई करायची. मी तिच्या घोट्यावर झेप घेतली की तो घोटा तिथे नसायचा. जिल्ह्याच्या त्या शेवटच्या सामन्यात तिनं मला तीनदा तसं मातीत पाडलं आणि तिसऱ्यांदा परत जाताना मागे वळून म्हणाली, "उठ वं माय, थंडी लागन." दोराबाहेरची माणसं खो खो हसली. दोराच्या आत, खुर्च्यांवर, विदर्भाच्या संघासाठी मुली निवडायला आलेले तिघे जण बसले होते. त्यातला एकजण हसताना मी पाहिला.

यापुढचं मी आजवर फार थोड्या माणसांना सांगितलं आहे. सामना संपायला आला होता. लीला पुन्हा आली. या वेळी मी झेप घेतली नाही, वाट पाहिली, आणि तिनं पाय टाकला तिथे माझा हात आधीच होता. उजवा घोटा. दोन्ही हातांत पक्का आला. मुली तिच्यावर पडल्या, तिचा दम तुटला, आणि पंचानं शिट्टी वाजवली. ती बाद झाली होती, खेळ तिथे संपला होता. शिट्टी मी ऐकली. अगदी स्पष्ट ऐकली. आणि ऐकल्यावर मी तो पाय सोडायच्या ऐवजी, ओल्या लडीला शेवटचा पिळा द्यावा तसा एक पिळा दिला. का, याचं उत्तर फार मोठं नाही. तिनं माझं हसं केलं होतं आणि खुर्च्यांवरची माणसं बघत होती. माझ्या हातात आवाज झाला. कानांनी नाही, तो मला तळहातांनी ऐकू आला. मग लीला ओरडली.

आम्ही जिंकलो. लीलाला चारपाईवर घालून नेलं, तिथून धंतोलीच्या एका दवाखान्यात. घोट्याच्या वरचं हाड मोडलं होतं. मास्तर मला म्हणाले, "खेळात होते बाई असं. रडू नको. पकड चोख होती." पंचांनीही काही वावगं पाहिलं नव्हतं, मुलींच्या ढिगाऱ्याखाली काय दिसणार? आठ दिवसांनी विदर्भाच्या संघाची यादी लागली. तिच्यात माझं नाव होतं. गल्लीत पेढे वाटले गेले. ज्या पोट्ट्यांनी मला म्हैस म्हटलं होतं, त्यांनीच फटाक्यांची लड लावली.

मला मात्र अन्न जाईना. रविवारचा रस्सा मी ताटलीत तसाच ठेवला तेव्हा मायनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. सोमवारी लड्या पिळायला बसले आणि दांडा फिरवताना पहिल्याच पिळ्याला माझे हात थांबले. मी दांडा खाली ठेवला, पुढच्या खोलीत गेले आणि मागाच्या काठाशी बसले. बाबांनी धोटा दोनदा इकडून तिकडे फेकला आणि मग तेही थांबले.

"बाबा, शिट्टी वाजली होती," मी म्हणाले.

"कवा?"

"लीलाचा पाय मोडायच्या पहिले. म्या ऐकली. तरी म्या पिळला."

बाबांनी धोटा बाजूला ठेवला. शेजारच्या घरांतले माग चालू होते. मला वाटलं, आता ते ओरडतील, किंवा मास्तरांसारखं जाऊ दे म्हणतील. त्यांनी दोन्ही हातांवर जोर देऊन अंग वर उचललं, खड्ड्यातून पाय काढले आणि माझ्याशेजारी भुईवर बसले. "चेहरा धू," ते म्हणाले. "उद्या कन्हानले जाऊ. हे तिले तू सांग. म्या सोबत येतो, पण बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही कामठीवरून जाणाऱ्या बसनं गेलो. गल्लीत कुणी वारल्याशिवाय बाबांनी कामाच्या दिवशी माग बंद ठेवलेला मी त्याआधी पाहिलेला नव्हता. लीलाचं घर खाणीच्या कामगारांच्या चाळीत होतं, दोन खोल्यांचं, दारात कोळशाच्या भुकटीचे गोळे वाळत घातलेले. लीलाच्या आईनं आम्हाला ओळखलं नाही. मी कोण ते सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. "इतक्या दुरून पाह्याले आली वं बाई. बाकी कोणीच नाही आलं. आता जेवल्याबिगर नाही जायचं." बाबा बाहेर ओट्यावर लीलाच्या वडिलांजवळ बसले. ती बाई चुलीवर वांगी भाजायला लागली, आणि मी आत गेले.

लीला खाटेवर होती. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, पाय उशीवर. रुमाल नव्हता, वेणी मोकळी पडली होती आणि त्यामुळे ती फार लहान दिसत होती. मी उभीच राहिले. काय बोलायचं ते मी बसमध्ये ठरवून ठेवलं होतं, पण बोलायच्या आधी तिनंच विचारलं.

"शिट्टी ऐकू आली होती तुले?"

"हो," मी म्हणाले.

"मले वाटलंच. शिट्टीवर तुहा हात ढिला झाला होता. म्या म्हटलं, सोडलं हिनं. आन् मंग..." तिनं वाक्य सोडून दिलं. बाहेर वांग्याची साल तडतडत होती, खरपूस वास येत होता. "काहून वं?" तिनं विचारलं.

"तू हासली म्हणून. आन् ते निवडणारे पाहून राहिले होते म्हणून."

तिनं मान भिंतीकडे फिरवली. मी माफी मागितली. मी पुन्हा मागितली. मग ती भिंतीकडे बघतच अगदी हळू म्हणाली, "माह्या मायले नको सांगजो. ती तुह्यासाठी वांगे भाजून राहिली. जेव, आन् जा."

आणि मी जेवले. पातीचा कांदा आणि कच्चं तेल घातलेलं भरीत, ज्वारीची गरम भाकर. लीलाची आई समोर बसून वाढत होती आणि मोठ्या तब्येतीच्या पोरीला भूक लागतेच म्हणून आग्रह करत होती. माझ्या पुढच्या आयुष्यात मी पुष्कळ मार खाल्ला, बरगडी मोडून घेतली, दोन्ही गुडघे घालवले. पण ती भाकर गिळण्याएवढं कष्टाचं काम मला पुन्हा करावं लागलं नाही. परतताना बसमध्ये बाबांनी एकच विचारलं, "सांगितलं?" मी मान डोलावली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि कामठी येईपर्यंत तो काढला नाही.

विदर्भाच्या संघातून मी खेळायला गेले, पण खेळले असं म्हणवत नाही. माझे हात उघडायला लागले होते. घोटा हातात यायचा, बरोबर यायचा, आणि बोटं आपोआप सुटायची. दुसऱ्या सामन्यानंतर मला बाहेर बसवलं. परत आल्यावर श्रीराम मास्तरांनी महिनाभर माझ्याकडून स्वतःचा घोटा धरवून घेतला. पन्नाशीचा माणूस, रोज संध्याकाळी माझ्यापुढे कबड्डी म्हणत यायचा. "धर! अवं धर नं! मी काय काचेचा आहो?" मी त्यांनाही सोडायची. खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही, आणि त्यांनी खोदून विचारलंही नाही. पुढच्या दिवाळीनंतर त्यांनी डाव्या कोपऱ्यात दुसरी मुलगी उभी करायला सुरुवात केली. घरचे माझ्यासाठी स्थळं बघू लागले होते, बघायला येणारी माणसं माझ्या उंचीकडे बघून चहा पिऊन जात होती, आणि पहिल्यांदाच मला वाटायला लागलं की आता एखाद्यानं हो म्हटलं तर बरं, म्हणजे हे मैदान सुटेल.

त्याच हिवाळ्यात कन्हानचा संघ पुन्हा आला. दोराबाहेरच्या गर्दीत मी लीलाच्या डोक्यावरचा रुमाल शोधत नव्हते. मला ठाऊक होतं की ती नसणार. आणि ती मैदानात उतरली. उजव्या घोट्याला पट्टी गुंडाळलेली, चालताना किंचित झोक जायचा. आमची नवी कोपऱ्यातली मुलगी त्याच दिवशी तापानं पडली होती, म्हणून मास्तरांनी नाइलाजानं मला उभं केलं होतं.

लीलाचा दम पूर्वीसारखाच होता, पाय मात्र नव्हता. ती आता एक क्षण उशिरा वळत होती. पहिल्याच चढाईत तिचा घोटा माझ्या हातात आला, मी त्याला नुसता स्पर्श केला आणि ती गुण घेऊन परत गेली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा ती माझ्या बाजूला आली तेव्हा तर मी झेपसुद्धा घेतली नाही. बघ्यांतून कुणीतरी ओरडलं, "जाऊ द्या, लंगडी आहे बिचारी!" आणि काही जण हसले. मी खाली मान घालून उभी होते.

मध्यंतराला मी पाणी प्यायला गेले तर ती सरळ मैदान ओलांडून माझ्यासमोर आली. घामानं भिजलेली, आणि चेहरा संतापानं काळा पडलेला. त्या खाटेवरही ती माझ्यावर इतकी रागावलेली नव्हती.

"तू मले सोडून राहिली," ती म्हणाली.

मी पेल्यातल्या पाण्याकडे बघत होते.

"आयकलं का ते लोकं काय म्हणून राहिले? बिचारी म्हणते मले! म्या सहा महिने नदीच्या वाळूत पाय घासत चालली. बाबा ड्यूटीवरून येऊन धरून चालवे मले. ते काय तू दान करावं म्हणून?"

"मले भेव वाटते, लीला."

"मले नाही वाटत का? पण मी आली नं!" ती आणखी जवळ आली. "पकड मले. जोरानं पकड. आन् शिट्टी वाजली का सोड. इतकंच तं आहे. इतकंच तुले जमलं नव्हतं, बाकी तं समदं येते तुले."

ती वळली आणि झोक देत आपल्या बाजूला गेली. माझ्या हातात पाण्याचा पेला तसाच होता. मास्तर जरा लांबून बघत होते. त्यांनी पेला माझ्या हातातून काढून घेतला आणि मला कोपऱ्याकडे ढकललं.

मध्यंतरानंतर ती तिसऱ्या चढाईला आली. माझ्याच बाजूला आली. मुद्दाम आली हे मला आजही पक्कं वाटतं, कारण उजवीकडे मोकळी जागा होती. ती पट्टी बांधलेला पाय पुढे टाकून उभी राहिली, त्या बारीक घरघरीत दम घेत, माझ्या डोळ्यांत बघत. मी खाली गेले आणि धरला. पट्टीखालचं हाड मला बोटांना कळत होतं. जिथे सांधलं होतं तिथे एक उंचवटा आला होता. ती मागे जायला धडपडली, तिनं मला हातभर ओढलं, माझी हनुवटी मातीत घासली. मैदानाच्या चारी बाजूंना एकदम चिडीचूप झालं. मागच्या वर्षीचं सगळ्यांना आठवत असणार. मुली येऊन पडल्या. शिट्टी वाजली. माझी बोटं उघडली. दोन्ही तळवे मी वर करून धरले, कुणी सांगितलं नव्हतं तरी, आणि तशीच पडून राहिले.

लीला ढिगाऱ्याखालून निघाली, उभी राहिली, पाय एकदा आपटून पाहिला. माझ्याकडे बघितलं नाही, हसली नाही. अंगावरची माती झटकून बाद झालेल्यांच्या जागी जाऊन बसली. त्यानंतर मी तिला आणखी दोनदा धरलं आणि तिनं मला दोनदा चकवलं. सामना कन्हाननं जिंकला, मास्तर दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत, आणि मी त्या रविवारी तीन भाकरी खाल्ल्या.

आता नातू टीव्हीवर कबड्डी लावतो. गादीवर खेळतात, बूट घालतात, रंगीत दिव्यांत. कोपऱ्यातला गडी घोट्यावर झेपावला की माझे हात आपोआप पुढे येतात आणि नातू हसतो. त्याला वाटतं आजीला खेळाचं वेड आहे. मी पुढे नऊ वर्षं खेळले, त्या खेळावरच मला नोकरी लागली, लग्नही एका अशा माणसाशी झालं जो दोराबाहेर उभा राहून फल्लीदाणे खात असे. पण ते सगळं नंतरचं. त्या हिवाळ्यानंतर विदर्भाची यादी लागली तेव्हा तिच्यात डाव्या कोपऱ्याला मी होते आणि चढाईला लीला.

सामने पश्चिमेकडे होते. नागपूर स्टेशनवर आम्ही चौदा मुली आपापल्या पत्र्याच्या पेट्या घेऊन सकाळच्या गाडीत चढलो. लाकडी बाकं, खिडकीतून येणारी धूळ, कुणीतरी सोललेल्या संत्र्यांचा वास. संघासोबत आलेले श्रीराम मास्तर पलीकडच्या बाकावर पेपर तोंडावर घेऊन झोपले होते. लीला योगायोगानं माझ्यासमोर आली. सामन्यातल्या त्या मध्यंतरानंतर आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललो नव्हतो. वर्धा गेलं. पुलगाव गेलं. ती खिडकीबाहेरची कापसाची पऱ्हाटी बघत होती, मी माझ्या हातांकडे बघत होते. मग तिनं वाकून उजव्या पायाची पट्टी सोडली, गुंडाळून बाजूला ठेवली, आणि मला न विचारता तो पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

"दाब वं जरा," ती म्हणाली. "गाडीत बसलं का सुजते."

आणि ती मान मागे टेकून झोपून गेली. मी बडनेऱ्यापर्यंत तो पाय दाबत होते.